हुंदक्याचं माप

“आणखी एकदा,” सारिका म्हणाली. “पण या वेळी घाई नको. आधी मुलीच्या पाठीवर हात, मग श्वास, मग रडणं. तुम्ही श्वासाच्या आधीच रडताय.”

समोरच्या खुर्चीतली बाई कवठ्याहून आली होती. मुलीचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. तिनं पदर सावरला, डोळे मिटले, तोंड वेडंवाकडं केलं आणि फिस्सकन हसली.

“अवो, असं कसं रडू मी? पोरगी बाहेर आईस्क्रीम खाती की!”

“सगळ्यांचं असंच होतं.” सारिकानं तिच्या गळ्यावरची टिकली नीट दाबून बसवली. “डोळे मिटूनच ठेवा. पहिलीत होती तेव्हा तिच्या वेण्या कोण घालायचं?”

“मीच. दुसरं कोण?”

“रिबीन कुठल्या रंगाची?”

“तांबडी.”

“आता कुठं आहे ती रिबीन?”

बाई बोलायची थांबली. ओठ नुसतेच हलले. मग पोटातून, पार खालून, एक श्वास वर आला आणि त्याच्या मागोमाग आला हुंदका, खराखुरा, नाकाडोळ्यांतून वाहणारा. सारिका बाईकडं पाहत नव्हती. ती पडद्यावरची रेघ पाहत होती. रेघ वर गेली, थरथरली, खाली आली. हिरवा दिवा लागला.

“झालं. नमुना पुरेसा आहे. पाणी घ्या.”

पण बाईचं रडणं काही थांबेना. सारिकानं पाण्याचा ग्लास तिच्या हाताशी सरकवला आणि दाराकडं तोंड करून हाक दिली, “वधूपिता! या आत.”

आयांना रिबीन विचारायची आणि बापांना पहिली सायकल. मोठ्या भावाला काहीच विचारायचं नाही, नुसतं गप्प बसवून ठेवायचं, तो आपोआप फुटतो. सहा वर्षांत सारिकाला हे सगळं असं पाठ झालं होतं, जशी एखादीला भाजीत मिठाची चिमूट पाठ असते.

*

मिरजेहून मालगावच्या रस्त्याला लागलं, की द्राक्षबागा सरता सरता केवडा मंगल कार्यालय येतं. पूर्वी आजूबाजूला रान होतं. मग प्लॉट पडले, घरं उठली, घरांत माणसं आली. माणसं आली तशी त्यांची दुखणीही आली. कार्यालयाच्या पूर्वेच्या भिंतीला लागून बिरनाळे गुरुजींचं घर. त्यांची बायको लकव्यानं अंथरुणाला खिळलेली. मांडवात डीजेचा ठोका पडला, की इकडं त्या माउलीचा उरलासुरला हात पाखराच्या पंखासारखा फडफडायचा. गुरुजींनी सात वर्षं अर्ज केले, सुवाच्य अक्षरात, समास सोडून. त्यांचं काही चुकत होतं असं सारिका कधीच म्हणाली नाही.

दोन हजार एक्केचाळीस साली कायदा आला. लग्नाच्या जागेच्या भिंतीपलीकडं चाळीस डेसिबलच्या वर आवाज जाता कामा नये, दिवस असो वा रात्र. चाळीस म्हणजे वाचनालयात कुजबुजावं, एवढाच. कितीतरी कार्यालयांना कुलपं लागली. काहींनी पाहुण्यांच्या कानांत बोंडं घालून आत गाणी सोडली. लोक बिनआवाजी नाचायचे आणि बघणाऱ्याला वाटायचं, सगळ्या वऱ्हाडाला एकदम मुंग्या चावल्या. मग आलं कुंपण.

आवाज म्हणजे काय, तर हवेची लाट. कुठं हवा दाटते, कुठं विरळ होते. दाटलेल्या जागी नेमकी तेवढीच विरळ आणि विरळ जागी नेमकी तेवढीच दाट अशी उलटी लाट सोडली, तर दोन्ही एकमेकींत मिटून जातात आणि उरते ती शांतता. एका कानापुरती ही युक्ती जुनीच होती. पण सगळ्या गल्लीसाठी ती करायची, तर भिंतीवर हातभर अंतरानं शेकडो छोटे कर्णे लागतात आणि प्रत्येकानं आपापली उलटी लाट नेमक्या क्षणी सोडावी लागते. मांडवापासून भिंतीपर्यंत यायला आवाजाला सेकंदाचा दहावा हिस्साही लागत नाही. तेवढ्यात ऐकायचं, मोजायचं आणि उलटवायचं. ढोलाचा जाड ठोका जमून जायचा. माणसाचा बारीक, मुरके घेणारा गळा मात्र निसटायचा.

म्हणून कुंपणाला ऐकण्याच्या आधी ओळखायला शिकवलं. घरच्या माणसांच्या गळ्याला एक टिकली लावायची. ती श्वास वाचते, गळ्याच्या स्नायूंचा ताण वाचते. आधी घेतलेल्या नमुन्यावरून यंत्र अंदाज बांधतं, की या गळ्यातून पुढच्या क्षणी काय निघणार. आवाज फुटायच्या आत भिंतीवर त्याची उलटी लाट तयार असते. गाण्यांची यादी आधी द्यायची, उखाणे आधी नोंदवायचे, रडणं आधी रडून दाखवायचं. आधी झालेलं सगळं कुंपण गिळून टाकतं. त्याला पचत नाही ते फक्त नवं.

गुरुजींची बायको कुंपण बसल्यावर चार महिने जगली. ते चार महिने ती शांत झोपली. हेही खरंच आहे.

पण नवं काही निसटलं, की ती गळती. बाहेर चाळीसच्या वर आवाज गेला, की शेजाऱ्यांच्या फोनवर दिवा लागतो. शेजाऱ्यानं बटण दाबून “ऐकलं” म्हटलं, की गळती नोंदली जाते. एका हंगामात तीन गळत्या झाल्या तर कार्यालयाला सील. केवड्याच्या या हंगामात दोन झाल्या होत्या. एकदा जतचे एक मामा नोंदवलेला उखाणा विसरले आणि भलताच घेऊन बसले, तर सगळा मांडव खदाखदा हसला. दुसऱ्यांदा कॅनडाची चुलतबहीण कुणाला न कळवता येऊन थडकली आणि नवरी किंचाळली. दोन्ही वेळा गुरुजींनी अर्ध्या मिनिटात बटण दाबलं होतं.

तेव्हा सारिकाची नोकरी काय, तर आवाजाची राखण. खरं सांगायचं तर तिचं काम एवढंच, की केवड्याच्या आवारात कुणालाही अचानक काही होऊ द्यायचं नाही.

*

तिची शर्वरी बावीस वर्षांची. मिरजेच्या दवाखान्यात रुग्णांना व्यायाम शिकवायची. बार्शीच्या अथर्वशी तिचं जमलं, दोन्ही घरांनी मान डोलावली आणि लग्न केवड्यातच ठरलं. मालक अण्णांनीच तारीख दिली. घरचंच कार्य म्हणाले.

एका सकाळी मायलेकी मटार सोलत बसल्या होत्या.

“आई, एक सांगू? पाठवणीला तू कुंपणाच्या पॅनेलवर बसायचं नाहीस.”

“मग कोण बसणार?”

“इम्तियाजदादा बसेल. तू खाली यायचंस. नऊवारी नेसून. माझ्यासमोर.”

“येईन की. येणार नाही होय?”

शर्वरीनं एक शेंग बोटानं उघडली आणि दाणे तसेच ठेवले. “रडशील?”

“हे काय विचारणं झालं?”

“आजी गेली तेव्हा काय म्हणालीस, आठवतंय? मोठ्या मावशीनं हंबरडा फोडला आणि तू माझ्या कानात म्हणालीस, हिचा हुंदका श्वासाच्या अर्धा सेकंद मागं येतोय.”

सारिकाला आठवत होतं. ते बरोबरही होतं. मावशीचा हुंदका खरंच मागं येत होता.

“सवय गं,” ती म्हणाली. “दिवसाला चार आया रडवते मी. डोळ्याला घट्टे पडत असतील.”

“मला तुझं रडणं नकोय आई. रडगाणं तर मुळीच नको. पण मी जातेय, हे तुला आतून कळतंय एवढं मला दिसू दे. नाहीतर मी बार्शीला जाऊन रोज तेच आठवत बसेन, की आईला काहीच वाटलं नाही.”

सारिकानं मान हलवली आणि मटार सोलत राहिली. आत काही हलतंय का, हे तिनं चाचपून पाहिलं. रिकाम्या डब्यात हात घालावा तसं झालं. हाताला तळ लागला.

*

कार्याच्या आधी आठवडाभर घरचे नमुने घेतले. प्रकाश, म्हणजे शर्वरीचे बाबा, खुर्चीत बसले आणि सारिकानं सायकलीतलं ‘सा’ उच्चारायच्या आत ढसाढसा रडायला लागले.

“अहो, थांबा! टिकली तर लावू द्या!”

“लाव, लाव,” प्रकाश नाक ओढत म्हणाले. “मी रडतोच आहे, तू तुझं काम कर.”

मग आल्या रत्नाअक्का, प्रकाशची थोरली बहीण, नवरीची आत्या. अक्का सोनी गावाहून आल्या होत्या. गळा असा, की जात्यावर बसल्या तर जातं ऐकायला थांबावं. पाठवणीला ओवी म्हणायचा मान त्यांचा. त्यांनी खुर्चीकडं संशयानं पाहिलं, टिकली लावून घेतली आणि म्हणाल्या, “काय म्हणू?”

“जी पाठवणीला म्हणणार तीच म्हणा अक्का.”

“ती मला काय ठाऊक? त्या वक्ताला पोरगी कशी दिसंल, तिच्या सासूनं तोंड कसं केलं असंल, त्यावर असतंय ते. ओवी काय पापड हाय व्हय, आधी लाटून वाळवून ठेवायला?”

“अक्का, नियम आहे. एक म्हणा, ती नोंदवते. मग त्या दिवशी तीच म्हणायची.”

“तीच? परत?” अक्कांनी इम्तियाजकडं पाहिलं. इम्तियाज मुजावर कुंपणाचा तंत्रज्ञ, सारिकाहून दहा वर्षांनी लहान, भिंतीवरच्या प्रत्येक कर्ण्याला नावानं ओळखणारा. “ऐकलंस का रं? तीच परत म्हटली, की ती ओवी ऱ्हाती का? त्यो पाढा झाला.”

इम्तियाज हसला. अक्कांनी डोळे बारीक केले, भावजयीकडं रोखून पाहिलं आणि तिथल्या तिथं सूर लावला:

*हुंदक्याचं माप घेई, माझी भावजय शहाणी*
*वाटी-वाटीनं मोजिलं, तिनं डोळ्यांतलं पाणी*

प्रकाश बाहेरून “वा!” म्हणाले. पडद्यावर लाल दिवा लागला.

“ही नको,” सारिका म्हणाली.

“का? टोचली?”

“नाही अक्का. टोचलं असतं तर बरं झालं असतं.”

अक्का तिच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी लग्नात सगळेच म्हणतात तसली एक साधी ओवी म्हणून टाकली. तीन वेळा, अगदी तशीच. हिरवा दिवा लागला. टिकली काढून त्यांनी सारिकाच्या तळहातावर ठेवली आणि बाहेर गेल्या.

राहिला वधूमातेचा नमुना.

सारिका स्वतः खुर्चीत बसली. इम्तियाजनं रेघ सुरू केली. तिनं डोळे मिटले. पाठीवर हात, मग श्वास, मग. मग काहीच नाही. “नमुना अपुरा.” पुन्हा. “नमुना अपुरा.” तिनं स्वतःलाच विचारलं, रिबीन कुठल्या रंगाची? निळी. आता कुठं आहे? कपाटात, वरच्या खणात, बिस्किटांच्या डब्यात. उत्तर पटकन आलं, एखाद्या हुशार विद्यार्थ्याचं यावं तसं. बाकी काही आलं नाही.

अकराव्या वेळी इम्तियाजनं पडदा विझवला.

“ताई, राहू द्या.”

“राहू कसं देऊ? वधूमातेचा रकाना कोरा असला तर त्या दिवसाचा परवानाच निघत नाही.”

“तुमचा एक नमुना आहे की आत. कुंपण बसवलं तेव्हाचा, प्रशिक्षणातला. कंपनीच्या माणसानं आपल्याला सगळ्यांना रडायला लावलं होतं बघा. मी तर कांदा घेतला होता.” तो जुन्या नोंदी शोधायला लागला. “हा बघा. अकरा सेकंदांचा. लई स्वच्छ आहे. हाच जोडू?”

सारिकानं रेघ पाहिली. एवढी उंच रेघ तिनं नंतर कुणाची पाहिली नव्हती.

“जोड.”

इम्तियाजचं बोट बटणावर थांबलं. “पण एक आहे ताई. पाठवणीला पन्नास माणसं एकदम रडतात. कुणाचा गळा कुठला, ते माइकला वेगळं करता येत नाही. म्हणून त्या वेळी यंत्र माइकवर नाही, अंदाजावर चालतं. तुम्ही तो श्वास घेतला, गळा आवळला, की ते धरून चालणार की ताई रडणार, आणि उलटी लाट सोडणार. तुम्ही नाहीच रडलात, तर ती लाट मिटवायला समोर कुणी नाही. एकटीच बाहेर जाईल. आणि उलटी लाट एकटी ऐकली तर कानाला फरक कळत नाही. रडण्यासारखीच ऐकू येते. म्हणजे गळती.”

“म्हणजे मला रडावंच लागेल.”

“नमुन्याएवढं तरी,” इम्तियाज म्हणाला. त्याला वाटलं होतं ती हसेल.

*

लग्न छान झालं. मुहूर्त साधला, अक्षता पडल्या, सनई वाजली, पंगती उठल्या. सगळं यादीतलं, सगळं वेळेवर. व्याह्यांनी जिलबीचं कौतुक केलं. सारिका जांभळी नऊवारी नेसून, गळ्याला टिकली लावून, येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करत होती. मनगटावरच्या पट्टीवर घरच्या सगळ्यांची नावं होती आणि प्रत्येक नावासमोर हिरवा ठिपका. चार वाजता तिच्या पोटात गोळा आला. तिला क्षणभर बरं वाटलं. पण तो सकाळपासूनच्या उपाशीपणाचा होता.

पाच वाजता पाठवणी.

प्रकाश लेकीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. हिरवा ठिपका. अक्कांनी रुसल्या आवाजात नोंदवलेली ओवी म्हटली. हिरवा. मावश्या, चुलत्या, मैत्रिणी, सगळ्यांच्या रडण्याचा मांडवात कल्लोळ झाला आणि भिंतीपलीकडं गल्ली उतरत्या उन्हात गप्प पडून राहिली.

मग शर्वरी आईसमोर आली.

हिरवा शालू, डोक्यावर अक्षता अडकलेल्या, नाकाचा शेंडा लाल. ती वाकून पाया पडली आणि उठून तिनं मिठी मारली. सारिकानं तिच्या पाठीवर हात ठेवला. बोटांना जरीचा काठ लागला, त्याखाली पाठीचा कणा लागला. अंगाचा ओळखीचा वास आला. सगळं जिथल्या तिथं होतं. सारिका वाट पाहत राहिली, नळाला पाणी यायची वेळ झाली की बाई उभी राहते तशी, खाली बादली लावून.

शर्वरीनं मिठी सोडली आणि आईचा चेहरा पाहिला. नीट पाहिला, डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत. तिच्या नजरेत राग नव्हता. मिळणार नाही असं आधीच ठाऊक असलेली गोष्ट एकदा मागून पाहावी, तसं काहीतरी होतं.

“येते,” ती म्हणाली.

“सावकाश जा,” सारिका म्हणाली.

शर्वरी फाटकातून बाहेर पडली. गल्ली अरुंद, म्हणून गाडी पलीकडं लावलेली. जांभळ्या नऊवारीतली बाई फाटकाच्या आत उभी राहिली आणि लेकीची पाठ बघता बघता तिनं एक खोल श्वास घेतला. तिचा गळा आवळला. नेमका तसाच, जसा आवळायला हवा. आणि तिथंच, आवळलेलाच, राहिला. त्यातून काही आलं नाही.

मनगटावर तिच्या नावासमोरचा ठिपका लाल झाला.

आत कुणालाच काही ऐकू आलं नाही. कुंपणाची तोंडं बाहेरच्या बाजूला. सारिकाला फक्त दिसलं. गल्लीतलं कुत्रं उभं राहिलं. ड्रायव्हरनं मान वळवली. ओसरीवरच्या खुर्चीतून बिरनाळे गुरुजी अर्धवट उठले. अथर्वचा हात गाडीच्या दारावर राहिला. आणि शर्वरी, एक पाय गाडीत, एक पाय रस्त्यावर, वळून भिंतीकडं बघत होती. सगळी भिंत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तिच्या आईच्या आवाजात रडत होती.

अकरा सेकंद.

शर्वरी शालू गुडघ्यापर्यंत उचलून पळत आली. मुंडावळ्या एका बाजूला लोंबत होत्या. “आई! आई, अगं मी...” तिनं दोन्ही हातांनी सारिकाचा चेहरा धरला. बोटं गालांवर फिरली आणि थांबली. गाल कोरडे होते.

“मी नव्हते रडले,” सारिका म्हणाली.

“आवाज तुझा होता.”

“कुंपणाचा. त्याला वाटलं मी रडणार. मी रडले नाही, म्हणून त्यानं सोडलेलं रडणं एकटंच बाहेर गेलं.” तिला वाटलं, खोटं बोलता आलं असतं. एक ‘हो’ म्हटलं असतं तर पोरगी निवांत बार्शीला गेली असती. पण खोटं बोलायलाही आत काहीतरी हलावं लागतं. “माझा जुना नमुना होता तो. सहा वर्षांपूर्वीचा.”

शर्वरीचे हात तिच्या गालांवर तसेच होते. “तेव्हा कशासाठी रडली होतीस?”

हे सारिकाला कुणी विचारलंच नव्हतं.

“कंपनीचा माणूस म्हणाला, डोळे मिटा आणि काहीतरी आणा डोळ्यांपुढं. मी तुझी पाठवणी आणली. तू सोळाची होतीस, तुझी दहावी होती. मी तुला पिवळ्या साडीत बघितलं. गाडीत बसताना तू मागं वळून बघितलंस. सगळं बघितलं मी. लई रडले गं त्या दिवशी. त्या माणसानं बास म्हटलं, तरी थांबेना.”

“आणि आज?”

“आज बघतेय. पण झालेली गोष्ट परत होतेय असं वाटतंय.”

शर्वरी हसली की रडली, ते सांगणं अवघड. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड हसत होतं. तिनं आपला ओला गाल आईच्या कोरड्या गालावर टेकवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. मागं कुणीतरी “मुहूर्त टळतोय” म्हणालं. अक्का त्याच्यावर डाफरल्या.

“माझ्यासाठीच होतं ना ते?” शर्वरी कानात म्हणाली.

“तुझ्यासाठीच. दुसऱ्या कुणासाठी?”

“मग मला पोचलं,” ती म्हणाली आणि निघाली.

“झालीच ना तिसरी गळती?” मागून रत्नाअक्कांचा आवाज चढला. “मग आता मी कशाला पाढे म्हणू?” कुणी अडवायच्या आत त्यांनी सूर लावला, खणखणीत, त्या घडीला सुचलेला:

*मांडवाच्या दारी बाई, मुकी उभी केली भिंत*
*भाची निघाली सासरी, तिच्या मागं माझी खंत*

ओवी भिंत ओलांडून गल्लीत गेली, गाडीच्या मागं मागं वळणापर्यंत गेली. अक्कांच्या नावासमोर लाल ठिपका नाचत होता. सारिकानं पुन्हा एक खोल श्वास घेतला. गळा आवळला. पण कुंपण मघाच्या चुकीवरून शिकलं होतं. या वेळी त्यानं तिच्या नावानं काहीच सोडलं नाही. तिच्याही गळ्यातून काही आलं नाही. तिचा ठिपका हिरवा राहिला. अंदाज बरोबर ठरला होता.

फाटकाशी बिरनाळे गुरुजी उभे होते. हातात फोन, पायांत वेगवेगळ्या जोडांच्या चपला.

“सारिकाबाई, चूक झाली हो. दिवा लागला, की अंगठा आपोआप जातो माझा. बटण दाबलं आणि मग कळलं, कोणीतरी रडतंय.”

“नियमच आहे गुरुजी. तुम्ही काय करणार?”

“सहा वर्षांत या भिंतीतून माणसाचं रडणं आलं ते पहिल्यांदा. आणि मी ते कळवून टाकलं.” ते फोनकडं बघत राहिले. “मागं घेता येत असेल तर सांगा. अर्ज लिहितो. अर्ज मला चांगले जमतात.”

“लिहा,” सारिका म्हणाली. “अण्णांना बरं वाटेल.”

मांडव रिकामा होत होता. खुर्च्या एकात एक घालून रचणं सुरू झालं होतं. अण्णा कोपऱ्यात कपाळाला हात लावून फोनवर बोलत होते आणि प्रकाश त्यांच्या शेजारी उभे राहून अजून रडत होते. इम्तियाज पॅनेलवरून खाली आला. गळतीचा अहवाल तासाभरात पाठवावा लागतो.

“ताई, कारणाच्या रकान्यात काय लिहू? यंत्रबिघाड लिहितो. कोण बघतंय?”

“यंत्र कुठं बिघडलं?” सारिकानं गळ्यावरची टिकली सोलून काढली. तिच्याखालची कातडी पांढरी पडली होती. “लिही, वधूमाता रडली नाही.”

त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि लिहिलं.

“आणि उपाय? तो रकाना भरल्याशिवाय अहवाल पुढं जात नाही.”

“नवा नमुना घ्यावा लागेल.”

“कधी घेऊ, काय तारीख टाकू?”

सारिकानं रस्त्याकडं पाहिलं. वळणावर आता धूळही राहिली नव्हती.

“मांडवपरतणीला येईल ना ती,” ती म्हणाली. “परत जायला निघेल, तेव्हाची टाक. बघू, येतंय का काही.”